पडदा मुका होता तेव्हा

ई-पीक पाहणीचं ॲप अडलं की आमच्याकडचा शेतकरी आता कोणाच्या दारात जात नाही. बांधावरच उभा राहून मोबाइलची वरची पट्टी खाली ओढतो, स्क्रीन रेकॉर्ड दाबतो, ॲप कुठं गोल गोल फिरत बसलंय ते टिपतो आणि पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याला पाठवून देतो. सोबत त्याचा आवाजही जातो, "बघ बरं, इथं आलं की पुढंच जाईना." संध्याकाळपर्यंत पुतण्याचं उत्तर येतं. जिंतूर, सेलू, पाथरी, पालम, कुठंही जा, हेच. कोणाला त्यात नवल वाटत नाही. मला वाटतं, आणि थोडा हेवाही वाटतो. पडद्यावर काय चाललंय ते टिपून दुसऱ्याला दाखवायचं, एवढ्या एका कामापायी मी परभणीत उमेदीची बरीच वर्षं घातली. तीही विंडोजवर नव्हे, लिनक्सवर.

मी संगणक शिकवत असे. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्याला संगणकाचे वर्ग निघाले. नोकरीला सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे पोरं यायची. माउस हातात धरायला घाबरणारी गृहस्थ माणसंही यायची. सगळीकडे विंडोज, आणि ते विकत घेतलेलं असणं अपवादाचंच. पेनड्राइव्ह फिरला की व्हायरस फिरायचा, आणि ठरावीक काळानं सगळी मशीन फॉरमॅट करून देण्याचं काम माझ्या गळ्यात असायचं. मुक्त सॉफ्टवेअर, स्वातंत्र्य, समाजाची मालकी हे सगळं तत्त्वज्ञान मी पुढे वाचलं आणि पटवूनही घेतलं. पण लिनक्सकडे वळलो तो फॉरमॅट करण्याच्या कंटाळ्यापायी.

तेव्हा उबुंटूची सीडी टपालानं यायची. २००५ पासून २०११ च्या एप्रिलपर्यंत कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला ती फुकट पाठवत असे, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. परदेशी शिक्क्याचं ते पाकीट देताना पोस्टमन जरा थबकायचा. "कोणी नातेवाईक आहेत का तिकडं?" असं एकदा त्यानं विचारलंही. डीव्हीडी हवी असेल तर 'लिनक्स फॉर यू' मासिक होतं. औरंगाबादला जाणाऱ्या कोणालाही गाठून मी ते आणायला सांगत असे, आणि मासिकापेक्षा डीव्हीडी नीट आहे ना, ते आधी तपासत असे. सातशे एमबी डाउनलोड करायचे म्हणजे रात्रभर मशीन चालू ठेवायचं, आणि रात्रभर वीज राहील याची खात्री परभणीत कोणी द्यायची?

सीडी आली, लिनक्स बसलं, पुढे प्रश्न शिकवण्याचा. प्रोजेक्टर परवडत नव्हता. एका मॉनिटरभोवती सगळा वर्ग गोळा व्हायचा. पुढच्या रांगेला दिसायचं, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसायची. पूर्णा, गंगाखेडची पोरं पॅसेंजरनं यायची आणि परतीच्या गाडीकडे त्यांचा एक डोळा असायचा. ज्याचा तास बुडाला त्याला वहीवर काम भागवावं लागे. वहीत लिहिलेलं असायचं, "वर डावीकडे ॲप्लिकेशन्स, मग ऑफिस, मग वरून तिसरं." सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की तिसरं पाचवं व्हायचं. फळ्यावर मी मेनूची चित्रं काढत असे. खडूनं काढलेल्या मेनूतून फाइल सेव्ह करायला शिकलेली पिढी आमच्याकडे आहे, आणि ती आज तहसीलमध्ये, बँकांत टेबलावर बसलेली आहे.

रेकॉर्डमायडेस्कटॉप नावाचा प्रोग्राम मला या काळात सापडला. पॅनेलवर एक लाल गोल यायचा. टिचकी मारली की पडद्यावर जे जे होईल ते आवाजासकट टिपलं जायचं, पुन्हा टिचकी मारली की थांबायचं. फाइल निघायची ओजीव्ही प्रकारची, म्हणजे चित्र थिओराचं आणि आवाज व्हॉर्बिसचा, दोन्ही पेटंटच्या कटकटीतून मोकळे. विंडोजवाल्याला दिली की त्याच्याकडे ती उघडायची नाही. सोबत व्हीएलसीची फाइलही द्यावी लागे.

खरी परीक्षा रेकॉर्डिंग थांबवल्यावर सुरू व्हायची. हा प्रोग्राम आधी सगळा कच्चा माल टेम्प फोल्डरमध्ये ओतायचा आणि तुम्ही थांबलात की मग त्याची फाइल बनवायला बसायचा. आमच्या जुन्या मशीनवर दहा मिनिटांच्या पाठाला किती वेळ लागेल याचा नेम नसे. पट्टी हळूहळू सरकायची. आणि ती सरकत असताना भारनियमनाची वेळ व्हायची. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं, पण वीज त्या कागदाचं ऐकतेच असं नाही. या प्रोग्रामला रेस्क्यू नावाचा एक पर्याय होता. टर्मिनलमध्ये तो लिहून अर्धवट राहिलेल्या मालाचा पत्ता दिला की जिथं मोडलं तिथून फाइल पुन्हा बनवता यायची. ज्यानं तो लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर परभणी नक्कीच नव्हती, पण त्या पर्यायाचा वापर आमच्याइतका कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. स्वस्तातल्या माइकमध्ये आधी पंखा ऐकू यायचा, मग मी. म्हणजे पंखा बंद. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ वर असताना खिडक्या लावून, पंखा बंद करून, ओपनऑफिसमध्ये सूत्र कसं लिहायचं ते शांत स्वरात समजावून पाहा. खिडकी उघडी ठेवावी तर बाहेरून रिक्षा, भाजीवाला, लग्नाचा बँड. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला की रस्ता रात्रीसुद्धा झोपत नसे. त्यामुळे माझे सगळे पाठ पहाटेचे आहेत. त्यात दुसरी एक गंमत होती. चित्र हलकं करावं म्हणून गुणवत्ता उतरवली की देवनागरी अक्षरांवरचे अनुस्वार पुसट होत आणि पडद्यावरच्या 'मंदिरा'चं भलतंच काहीतरी होऊन बसे. पोरं हसायची, मी फाँट मोठा करून पाठ पुन्हा टिपायचो. तो लोहित मराठी फाँट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं रेड हॅटसाठी घडवलेला आणि सगळ्यांना फुकट दिलेला, तेव्हा लिनक्सवरच्या मराठीचा मोठाच आधार होता.

आयआयटी मुंबईनं स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प काढला तो याच सुमारास. प्रा. कन्नन मौद्गल्य त्याच्या मागे होते आणि पैसा केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या आयसीटी मिशनचा. कल्पना अगदी सुटसुटीत. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारा साधारण दहा मिनिटांचा पाठ. पडद्यावर काम चाललंय आणि एक आवाज ते सांगतोय. पाठ आधी इंग्रजीत करायचा, मग आवाज तेवढा बदलून मराठीसह २२ भाषांत. चित्र तेच, मेनू इंग्रजीच, कारण नोकरीच्या ठिकाणी तेच दिसणार. विंडोजवर कॅमस्टुडिओ आणि लिनक्सवर माझा तोच रेकॉर्डमायडेस्कटॉप, अशी त्यांची साधनं आहेत हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला! आयआयटीच्या पवईत आणि परभणीच्या नानलपेठेत एकच अवजार.

त्यांची शिकवण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली होती. पडद्याच्या एका बाजूला पाठ लहान करून ठेवायचा, उरलेल्या जागेत तेच सॉफ्टवेअर उघडायचं, आणि पाठात जे होईल ते तिथल्या तिथं करून पाहायचं. मधेच आवाज सांगायचा की आता पाठ थांबवा आणि स्वाध्याय सोडवा. सायलॅब, लाटेक, पायथन, लिबरऑफिस, जिंप, असं बरंच काही त्यात होतं. परभणीत बसून आयआयटीचा पाठ मराठीत ऐकायला मिळणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. फक्त एक व्हायचं. पाठातल्या बाई अत्यंत शुद्ध बोलायच्या. स्वच्छ, सावकाश, एकाही वाक्यात घाई नाही. तास संपल्यावर सोनपेठच्या एका पोरानं मला विचारलं, "सर, ते सगळं समजलं, पण तुम्ही एकदा आपल्यात सांगा ना." मी त्याला पाठ मूक करून पुन्हा लावून दिला आणि शेजारी उभा राहून सांगितला. तेव्हा ही नुसती सोय वाटली होती.

२०११ च्या एप्रिलमध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली. सगळा डेस्कटॉपच बदलला; जुने मेनू गेले, लोकांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या. आमच्या लॅबमधल्या निम्म्याहून जास्त मशीनना त्याचे ग्राफिक्स पेलत नव्हते. तिथं ते मुकाट्यानं जुन्या थाटात उघडायचं. ज्या एक-दोन मशीनवर खरं ग्नोम ३ चालायचं, तिथं मात्र एक खजिना दडलेला होता. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि आर या चार कळा एकदम दाबल्या की कोपऱ्यात लाल टिकली उमटायची आणि पडदा टिपला जाऊ लागायचा. पुन्हा त्याच चार कळा, की टिकली गेली आणि व्हिडिओ फोल्डरमध्ये वेबएमची तयार फाइल. पट्टी नाही, वाट पाहणं नाही, रेस्क्यू नाही. वीज गेली तर गेली, आधीची फाइल तर हातात असायची!

हे कुठल्याच मेनूत लिहिलेलं नव्हतं. बटण नाही, खूण नाही, नाव नाही. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. मी पोरांना त्या चार कळा शिकवल्या तेव्हा त्यांनी त्याला 'चार बोटांचा मंत्र' असं नाव दिलं. डाव्या हाताची तीन बोटं ताणून उजव्या हातानं आर दाबायचा. लहान पंजाच्या मुली दोघी मिळून दाबायच्या.

त्यात दोन उणिवा होत्या. पुढच्या एका आवृत्तीपासून रेकॉर्डिंग तीस सेकंदांनी आपोआप बंद पडू लागलं. टर्मिनलमध्ये एक लांबलचक ओळ लिहून त्या तीसचं शून्य केलं की मर्यादा जायची. ती ओळ माझ्या पाकिटात कागदावर लिहिलेली असायची. दुसरी उणीव मोठी होती. आवाज येत नव्हता. बिघाड नव्हता तो. रचनाच तशी होती. ग्नोमचा रेकॉर्डर फक्त पाहायचा, ऐकायचा नाही.

आता या दुसऱ्या उणिवेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आज मागं वळून पाहताना मला तीच त्या काळाची मुख्य गोष्ट वाटते.

मूकपटाच्या जमान्यात पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवणारी, गोष्ट रंगवून सांगणारी माणसं असत. चित्र सगळीकडे एकच, पण मुंबईचा खेळ वेगळा आणि आडगावचा वेगळा, कारण सांगणारा वेगळा. आमच्या लॅबमध्ये काही वर्षं नेमकं हेच चाललं होतं. तोवर कुठून तरी एक जुना प्रोजेक्टर मिळाला होता. भिंतीवर मुका व्हिडिओ चालायचा आणि बाजूला मी बोलत असायचो. मेल मर्ज कसं करायचं याची एकच चित्रफीत. सकाळच्या बॅचला मी तिच्यावर लग्नपत्रिकेचे पत्ते सांगायचो, दुपारच्या बॅचला सोसायटीच्या थकबाकीदारांना नोटीस. उर्दू माध्यमाच्या मुली आल्या की तीच चित्रफीत आमच्या परभणीच्या दखनी हिंदीत बोलू लागायची. "अब्बी इधर देखो, ये जो तीर है ना, इसकू यहाँ लाके छोडना." शुद्ध-अशुद्धाचा प्रश्नच नव्हता. कृषी विद्यापीठातल्या एका परिचितांनी कर्मचाऱ्यांना स्प्रेडशीट दाखवायला बोलावलं, तिथं त्याच चित्रातल्या रकान्यांत मी कापूस आणि सोयाबीन घातलं. स्पोकन ट्यूटोरियलला २२ भाषांसाठी २२ आवाज लागले, आणि ते काम फार मोठं, फार मोलाचं होतं. माझी मुकी फाइल जाईल तिथली भाषा बोलायची, कारण तिला स्वतःची भाषाच नव्हती.

शिवाय ती अडवता यायची. मागच्या बाकावरून "थांबा थांबा" आलं की मी व्हिडिओ थांबवायचो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझं बोलणं वळायचं. प्रश्न विचारणाऱ्याला कर्सर दिसला नाही की मेनू समजला नाही की मुळात पत्राला जोडायची यादी म्हणजे काय हेच कळलं नाही, त्यावर पुढचं वाक्य ठरायचं. एकच क्लिप पाचव्यांदा दाखवताना मी ती पाचव्या प्रकारानं सांगत असे. पोरंही सांगू लागली. मी चहाला गेलो की एखादा हुशार पोरगा उभा राहून माझी नक्कल करत पाठ सांगायचा, आणि नकलेच्या नादात पूर्ण बरोबर सांगून जायचा. असले दोन-तीन जण पुढे शिक्षक झाले, ते उगीच नाही.

तरी आवाज हवाच होता. पालमहून येणारा पोरगा आठवडाभर शेतात अडकला, त्याला मी पेनड्राइव्हवर मुकी फाइल देऊन काय उपयोग? त्यानं पाहायचं काय आणि ऐकायचं काय? म्हणून ईझीस्क्रीनकास्ट हे एक्स्टेन्शन हाती लागलं तेव्हा मी लगेच बसवलं. ग्नोमची एक्स्टेन्शनं म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली छोटी जोडकामं; डिसेंबर २०११ पासून त्यांचं अधिकृत संकेतस्थळ आहे, तिथं एक खटका चालू केला की डेस्कटॉपमध्ये नवी सोय उगवते. हे एक्स्टेन्शन बसवलं की वरच्या पट्टीत एक खूण यायची. तिच्यावर टिचकी मारली की सगळं समोर: पूर्ण पडदा की एकच खिडकी की आखून दिलेला चौकोन, कर्सर दाखवायचा की लपवायचा, सुरू व्हायच्या आधी किती सेकंद थांबायचं, कोपऱ्यात वेबकॅममधला आपला चेहरा हवा का, फाइल कुठल्या प्रकारची आणि कुठं ठेवायची. आणि आवाज कुठल्या माइकचा.

मला त्यातली सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट त्याच्या आतली आहे. या एक्स्टेन्शननं नवा रेकॉर्डर आणलाच नव्हता. रेकॉर्डर ग्नोमच्या पोटातलाच, तोच, चार बोटांच्या मंत्राचा. ग्नोमला चित्र कुठून घ्यायचं, कशात दाबायचं, कुठं लिहायचं ही साखळी बाहेरून सांगता येत असे. जीस्ट्रीमर नावाची यंत्रणा ती चालवते. एक्स्टेन्शन त्या साखळीत माइकची एक कडी ओवून द्यायचं, इतकंच. म्हणजे बोलण्याची ताकद तिथं आधीपासून होती. ती चालू करायला कोणीतरी जोडणी करून बटण लावायची वाट होती. आणि हे ज्यांनी केलं त्यांनी ते कुठल्या कंपनीसाठी केलं नव्हतं. फावल्या वेळेतलं काम. त्यांनी ते जगासाठी खुलं ठेवलं म्हणून मला परभणीत बसून त्याचा कोड उघडून ही कडी कुठं आहे ते पाहता आलं. पोरांनाही मी ते दाखवलं. मोबाइलमधला रेकॉर्डर आज कितीतरी सरस आहे, पण त्याचं पोट उघडून पोरांना दाखवता येत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून उबुंटूनंही ग्नोम घेतलं आणि मग लॅबमध्ये सगळीकडे ही खूण दिसू लागली. पोरं चार बोटांचा मंत्र विसरली. आमच्या मूकपटाचा बोलपट झाला.

बोलपटाची एक कटकट मात्र कायम राहिली. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला कुठल्या आवृत्तीत चालणार ते आधीच लिहून द्यावं लागतं. आवृत्ती पुढे गेली आणि लिहिणाऱ्याला वेळ मिळाला नाही, की खूण गायब. सकाळी लॅब उघडावी तर वरची पट्टी रिकामी. पुढे, २०२३ च्या सप्टेंबरात ग्नोम ४५ आलं तेव्हा तर आतली मांडणीच बदलली आणि एकूणएक एक्स्टेन्शनं नव्यानं दुरुस्त करावी लागली. ज्यांच्या कष्टावर आपण फुकट जगतो त्यांना दर सहा महिन्यांनी घर बदलायला लावणं मला कधीच पटलं नाही, पण ते सांगायला मी कोण?

मग २०२० चा मार्च. शाळा-कॉलेज बंद. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी राज्याची घोषणा होती. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, दीक्षा ॲप होतं, पण आपल्या बाईंचा आवाज त्यात नव्हता. मला जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे फोन येऊ लागले. वीस वर्षं फळ्यावर शिकवलेल्या माणसांना अचानक पडदा टिपायचा होता. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स, त्यांना मी हे एक्स्टेन्शन फोनवरून बसवून दिलं. "गुरुजी, वर उजवीकडे बघा, कॅमेऱ्यासारखं काही दिसायलंय का?" "हाव, दिसायलंय." "दाबा." "दाबलं. आता बोलू का?" "बोला की!" आणि पलीकडे शांतता. वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस, समोर पोरं नाहीत म्हटल्यावर त्याला वाक्यच सुचेना. एका गुरुजींनी शेवटी घरातल्या नातवंडांना समोर बसवलं आणि त्यांना शिकवत रेकॉर्डिंग केलं. त्या पाठात मधूनच नातू उलट प्रश्न विचारतो. माझ्या पाहण्यातला त्या वर्षातला सर्वांत चांगला पाठ तोच.

त्यानंतर फाइल गावात पोचवायची. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवायचा तर तेव्हा १६ एमबीची मर्यादा होती, आणि वेबएम फाइल पालकांच्या फोनवर उघडेल याची खात्री नाही. मग एफएफएमपेगनं तिचं एमपी४ करायचं, फ्रेमचा वेग उतरवायचा, चौकोन लहान करायचा. येलदरी धरणाकडच्या गावांतली पोरं रेंजसाठी टेकाडावर चढायची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता हे खरं, पण स्वस्त डेटाला टॉवरही लागतो.

पडदा टिपण्याच्या बाबतीत पुढे दोन बदल झाले. एक बदल पाहणाऱ्याला दिसत नाही. जुन्या एक्स-११ व्यवस्थेत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही खिडकीत डोकावू शकत असे. म्हणून तर रेकॉर्डमायडेस्कटॉपसारख्यांना कोणाची परवानगी लागत नसे. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ते बंद झालं. आता रेकॉर्डर आधी विचारतो, कुठली खिडकी दाखवू, आणि तुम्ही हो म्हटल्यावर पाइपवायर नावाची वाहिनी त्याला तेवढंच चित्र देते. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच. पण त्यामुळे लाल गोलाचा आमचा म्हातारा आणि त्याच्या पिढीचे बरेचसे रेकॉर्डर निवृत्त झाले.

दुसरा बदल सगळ्यांना दिसला. २०२२ च्या मार्चमध्ये ग्नोम ४२ आलं आणि प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की एक देखणी पट्टी उघडू लागली. फोटो हवा की व्हिडिओ, पूर्ण पडदा की भाग, सगळं तिथंच. दहा-अकरा वर्षं चार कळांमागे लपलेला रेकॉर्डर शेवटी एका कळेवर आला. एक्स्टेन्शनमधल्या निम्म्या सोयी घरात आल्या, आणि त्याची गरज निम्मी संपली.

मात्र आवाज तेव्हाही नव्हता. अकरा वर्षांनंतर, इतक्या नटवलेल्या पट्टीतसुद्धा, माइकची खूण नव्हती. ज्याला बोलायचंय त्यानं ओबीएस हा वेगळा रेकॉर्डर घ्यावा किंवा एक्स्टेन्शन शोधावं. माझा पुण्यातला एक जुना विद्यार्थी ओबीएसवर सफाईदार पाठ करतो. कोपऱ्यात चेहरा, मागे मंद संगीत, खाली मराठी उपशीर्षकं. त्याचं मला कौतुक आहे. त्याच्या पाठानं एकाच वेळी जितकी पोरं शिकतात तितकी माझ्या भिंतीवरच्या खेळांनी सगळ्या वर्षांत मिळून शिकली नसतील. पालमच्या पोराचा आठवडा आज बुडत नाही. न समजलेलं वाक्य त्याला हवं तितक्या वेळा मागे नेऊन ऐकता येतं. ते प्रत्येक वेळी तेच वाक्य असतं, हे मी त्या विद्यार्थ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "सर, म्हणूनच खाली कॉमेंट आहेत." मी गप्प बसलो. वाद घालण्यासारखं बरंच होतं, पण त्याच्या पाठाला मराठवाड्यातूनच जास्त पोरं येतात हे त्यानं आधीच सांगितलं होतं.

मी आता वर्गावर नसतो, पण जुन्या लॅबमध्ये अधूनमधून चक्कर असते. तिथं एक तरुण बाई शिकवतात. ग्नोमच्या रेकॉर्डरला आवाज नाही हे त्यांना कळलं तेव्हा त्या माझ्यासारख्या एक्स्टेन्शनच्या मागे लागल्या नाहीत. त्यांनी त्या मुक्या फाइलचा पेपर केला. तोंडी परीक्षेला भिंतीवर दोन मिनिटांची क्लिप लावायची, आणि विद्यार्थ्यानं पुढे येऊन ती सांगायची. भाषा कुठलीही चालेल. मी गेलो त्या दिवशी लिबरऑफिस कॅल्कमध्ये पीकविम्याच्या हप्त्याची बेरीज करण्याची क्लिप होती. एका मुलीनं पुस्तकी मराठीत अचूक सांगितलं. दुसरीनं अर्धं दखनीत, अर्धं इंग्रजीत. मानवतचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "हे आपल्या काकाचं खातं हाय असं समजा," आणि क्लिप संपली तरी त्याचं सांगणं संपेना. काकानं दोन वर्षं हप्ता का भरला नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. वर्ग लोटपोट. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. मी परीक्षक असतो तर दोन कापले असते, कारण फाइल सेव्ह करायची असते हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं.